ड्रॉप इनवाले बापूसाहेब

भूकंप येण्याआधी जमीन तरी थोडी गुरगुरत असेल; आमचे बापूसाहेब तेवढीही सूचना देत नाहीत. सकाळी गालावर दाढीचा फेस असताना आरशात माझ्या खांद्यामागे एक काळी टोपी उगवते आणि आवाज येतो, "ड्रॉप इन केलंय. चालू दे तुझं."

धारला तीस वर्षं इंग्रजी शिकवून बापूसाहेब निवृत्त झाले आणि देवासला आमच्या गल्लीच्या टोकाला येऊन राहिले. इंग्रजीत क्रियापदांचा काय दुष्काळ आहे? पण यांचा जीव जडला तो या एकाच जोडगोळीवर.

"व्हिजिट म्हणजे कलेक्टर करतो ती. कॉल ऑन म्हणजे टाय लावून जाणं. ड्रॉप इन मात्र आपल्या माणसांचं! ड्रॉप म्हणजे थेंब. थेंब कधी कौलांना विचारतो का, 'भिया, पडू का?' पडला की थेट आत!"

ही व्युत्पत्ती कोशात सापडेल की नाही, कोण जाणे. शंका काढायला गेलेला माणूस दोन तासांनी चाळीस वाक्यं पाठ करून परततो.

वापराचे नियमही ठरलेले. आधी फोन करायचा नाही. जेवायला थांबायचं नाही. चहाला नाही म्हणायचं नाही.

समोरच्या जोशीवहिनी एकदा पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालून मागल्या दारानं आत जाऊन बसल्या. पाच मिनिटांत बापूसाहेब मागल्या दारात हजर! "वहिनी, कुलूप बाहेरून आणि फोडणीचा वास आतून? टाका चहा." देवीच्या टेकडीवरची माकडंसुद्धा यांना लांबून पाहिलं की प्रसादाचे चणे गालात लपवतात. मी स्वतः पाहिलंय.

आणि गेल्या महिन्यात हे येणं एकदम थांबलं.

तीन दिवस गल्लीतल्या पुरुषांनी शांतपणे दाढ्या केल्या. चौथ्या दिवशी माझा गाल कापला. आरशात मागे कोणी नाही म्हणून मीच दचकलो होतो. बायको म्हणाली, "अहो, फोन तरी करून बघा. जाऊन या म्हणते मी."

केला. "बापूसाहेब, येऊ का घरी?"

"मी इंदौरला आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

जोशीवहिनींनी विचारलं, तर त्यांना म्हणाले धारला. बायकोला म्हणाले सोनकच्छला. एका सकाळी तीन गावी! कोंडी फोडली दूधवाल्यानं.

"क्या बात कर रिये हो भिया! बापूसाब तो घर पे ही पड़े हैं, पाँव में पलस्तर चढ़ा है। अकेले आदमी, पर दूध रोज दो लीटर लेते हैं। बोलते हैं, कोई आ गया तो?"

मी तसाच, फेसासकट निघालो.

दार सताड उघडं. पलंगावर बापूसाहेब दाराकडे तोंड करून बसलेले. पलस्तरातला पाय उशीवर, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, शेजारच्या ट्रेमध्ये सहा कप पालथे. मला पाहून चेहरा असा उजळला की खोलीतला दिवा लाजून विझला असता. मग एकदम आठ्या घातल्या.

"बापूसाहेब, इंदौरला होतात ना?"

"फोनवर 'येऊ का' विचारणाऱ्याला काय सांगायचं? 'या हो, मी पडलोय' म्हणून भीक मागू?"

दुधाचं पातेलं एवढं होतं की वरातीला चहा पुरला असता. मी चहा केला. त्यांनी दोन कप घेतले, मला तीन पाजले, आणि आपण जिन्यावरून कसे पडलो ते इतकं रंगवून सांगितलं की जिना कुतुबमिनाराएवढा झाला.

उठताना मी सहज म्हटलं, "उद्या संध्याकाळी हिला नि वहिनींना घेऊन येतो."

त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"सांगू नकोस रे!"

मग हात हळूच खाली घेतले.

"पुण्याहून मुलगा दर महिन्याला फोनवर सांगतो, येतो म्हणून. यायचं तर ये तू... पण सांगितलं ना भिया, की मग मी सकाळपासून वाट बघतो."