भिंतीतल्या दोन वायरी आणि बायकोची दाढ

वायरींचं मला कुणी शिकवू नये! बावीस वर्षं आमच्या कीर्तन मंडळाचा माइक, अॅम्प्लिफायर आणि त्यांच्यामधला गुंता एकट्या माझ्या ताब्यात आहे. बुवा पुढे उभे राहून रंगतात, मी मागे टाळ धरून उभा. पण एकदा का खरखर सुरू झाली, की बुवांसकट सगळी सभा मान वळवून माझ्याकडे बघते. मी जातो, एक वायर हलवतो, दुसरीला थोपटतो, आणि गाडी रुळावर!

त्यामुळे नव्या घराच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीतून उंदराच्या शेपट्यांसारख्या लोंबणाऱ्या दोन वायरी पाहून मी घाबरलो नाही. खूशच झालो. एक लाल, एक काळी. आधीच्या मालकांनी जाताना पडद्यांचे गज नेले, दारावरची पाटी नेली, भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेले. या दोघी तेवढ्या मागे ठेवल्या. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. घरातली सगळी बटणं दाबून पाहिली. पंखे फिरले, घंटी वाजली, वायरी ढिम्म!

माझा मेव्हणा वायरमन आहे. तो येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"दाजी, कापा आणि वरून रंग मारा."

"अरे, कुठून आली, कुठे चालली, काही न विचारता कापायची? दारात आलेल्या माणसाला नाव न विचारता हाकलतोस का तू?"

"मग भिंत फोडून बघू."

"माझ्या भिंतीला हात लावलात तर दोघांचीही –" एवढं बोलून आमच्या हिने गाल धरला आणि ती मटकन खाली बसली.

हिची दाढ! महिनाभर दुखत होती. अर्धी तुटलेली, अर्धी हलणारी. रात्र रात्र ही गालावर गरम फडकं धरून बसायची आणि तिचं कण्हणं ऐकून माझा जीव कासावीस व्हायचा. दाताचा दवाखाना बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर. पंधरा पायऱ्या! पण ही तीनदा गेली आणि तीनदा तशीच परत आली. खुर्चीत बसायची, डॉक्टरीणबाई 'आ करा' म्हणाल्या की ओठ असे मिटायची की जणू तिजोरीच. जी बाई घरात बारा तास तोंड मिटत नाही, तिने तिथे उघडू नये, याला काय म्हणायचं?

शेवटी डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आज काढली नाही, तर हिरडीत पू होईल. मग मोठ्या इस्पितळात नेऊन पूर्ण भूल द्यावी लागेल." हिचा चेहरा पांढरा पडला. चौथ्यांदा जायला निघाली.

"मी येतो सोबत," मी म्हटलं.

"नको! तुम्ही शेजारी बसून उसासे टाकता. मला जास्त भीती वाटते. घरात गप्प बसा. अगदी गप्प!"

मी मान डोलावली. ती गेली. सकाळचे अकरा वाजले होते. घरात मी, काळजी आणि दोन वायरी. बसून बसून काळजी वाढणार, त्यापेक्षा हात चालवावेत म्हटलं. आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला! वायरीत वीज नाही ना? मग आवाज सोडावा! अॅम्प्लिफायर जोडायचा, माइकमध्ये बोलत राहायचं आणि घरभर फिरून ऐकायचं. जिथे माझा आवाज निघेल, तिथे वायरीचं दुसरं टोक! मेव्हण्याच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

जोडलं. लांब वायरीचा माइक एका हातात, भिंतीला लावून ऐकायला स्टीलचा पेला दुसऱ्या हातात. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." स्वयंपाकघराच्या भिंतीला पेला लावला. काही नाही. कपाटात डोकं घातलं. डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा आला. आवाज आणखी वाढवला. काही नाही! आता शेवटपर्यंत वाढवला.

पण माणूस 'एक, दोन, तीन' किती वेळ म्हणणार? बावीस वर्षं मागे उभं राहून टाळ वाजवलेला माणूस! हातात माइक, समोर अडवणारे बुवा नाहीत. गळा आपोआप सुटला. देवाचं नाव घेतलं, दोन आलाप मारले आणि निरूपणाला हात घातला.

"मंडळी! ही वायर पाहा! एका भिंतीतून आली, कुठे गेली, ठाऊक नाही. जिवाचंही तसंच! आत काय चाललंय, बाहेरच्याला पत्ता नाही. माणूस लपवतो, मंडळी, माणूस लपवतो!"

आणि न्हाणीघरात पेला फरशीला टेकवला, तर काय आश्चर्य! खालून पुसट माझाच आवाज! मी आडवा झालो. कान फरशीला लावला. मी थांबलो की तोही थांबे. शिवाय मधूनच कुणीतरी हसल्यासारखंही वाटलं. मी म्हटलं, पाण्याचा नळ असेल. नळ असा वेळेवर हसत नाही, हे तेव्हा सुचलं नाही हो! पण निरूपण करणाऱ्याला हसू ऐकू आलं की त्याला दृष्टांत सुचतो. मला सुचला.

"दूर कशाला, आमच्याच घरचं घ्या! आमच्या सौभाग्यवतींची दाढ तुटली. सगळ्या इमारतीला सांगत फिरल्या, 'यांनी तांदूळ निवडले, त्यात खडा राहिला.' मी गप्प! शेजारीण मला म्हणाली, 'भाऊ, चष्मा लावत जा.' तरी मी गप्प! पण खरं काय, मंडळी? शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांच्या रिळांखाली, लिमलेटच्या गोळ्या! डॉक्टरांनी साखर बंद केलेली, म्हणून लपवलेल्या. रात्री मी घोरायला लागलो की ही एक गोळी कडाकड फोडते. आणि मी तर घोरतच नसतो! नुसता आवाज काढतो, बिचारीला निवांत खाता यावं म्हणून! त्याच गोळीने घात केला, मंडळी! तांदूळ निर्दोष आहेत!"

"अहोऽऽऽऽ!"

फरशी थरारली. बादलीतल्या पाण्यावर तरंग उठले. हा आवाज नळाचा नव्हता. सदतीस वर्षं मी तो ओळखतो.

आणि मग टाळ्या. खऱ्या टाळ्या, पाच-सहा माणसांच्या!

मी उठून बसलो. माइक बंद केला. खाली दवाखाना. दवाखान्यात ही. माझं ऐकून ही पुन्हा तोंड मिटून पळाली असेल, आता इस्पितळ, भूल, सगळं माझ्यामुळे! देवा, बावीस वर्षं मागे उभं केलंस, ते किती विचारपूर्वक केलंस!

दारावरची घंटी वाजली. दारात डॉक्टरीणबाई, हातात चिमटा, केसांवर टोपी तशीच. मी हात जोडले.

"बाई, चुकलो. ती पळाली का?"

"पळाली कसली! काका, इंजेक्शन कसंबसं दिलं होतं, पण चिमटा बघितला आणि मिटलं तोंड. मी हात टेकले होते. तेवढ्यात छतातून तुम्ही! मला वाटायचं ती जाळी हवा यायला आहे. या दवाखान्याचे जुने डॉक्टर तुमच्याच घरात राहायचे ना, त्यांनी वरून खाली गाणी सोडायला स्पीकर बसवला असणार. आधी बाहेर बसलेले पेशंट दचकले. मग खुर्च्या सरकवून जाळीखाली येऊन बसले. आणि गोळ्यांचं निघाल्यावर काकू उठून बसल्या, छताकडे पाहिलं, आणि 'अहो' म्हणून जे तोंड उघडलं, जे उघडलं! अक्कलदाढेपर्यंत सगळं दिसलं मला! हलत होतीच, धरली आणि ओढली. काकूंना कळलंसुद्धा नाही."

त्यांनी तळहातावरची छोटी वाटी पुढे केली. आत दाढ. मी तिला मनोभावे नमस्कार केला. डोळ्यांत पाणी आलं हो! महिनाभराचं दुखणं एवढंसं!

"वायर कापू नका हं," डॉक्टरीणबाई जिन्याकडे वळता वळता म्हणाल्या. "मंगळवारी एक हट्टी गृहस्थ येणार आहेत. त्यांच्या बायकोकडून काही माहिती मिळते का बघते."

त्या बाजूला झाल्या आणि त्यांच्या मागे जिन्यात उभी असलेली ही दिसली. गाल फुगलेला, ओठांत कापसाचा बोळा, आणि डोळे! त्या डोळ्यांत जे होतं, त्यापुढे टेस्टर लावला असता तर दिवा फुटलाच असता.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, बोळा तासभर घट्ट दाबून धरायचा, एक शब्द बोलायचा नाही. ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आहे. नजर माझ्यावर आणि भिंतीवरच्या घड्याळावर, आळीपाळीने. मधूनच बोटांवर काहीतरी मोजते. मुद्दे असावेत.

पंचावन्न मिनिटं झाली आहेत. लिहिणं इथेच थांबवतो. चपला सापडल्या की जरा बाहेर जाऊन येतो.