सूर्यास्तगड पाडला त्याची हकीकत

वाचणार व ऐकणार थोर मंडळींस लेखकाचा दंडवत. आपण पुसिले की, लोंबोक मुलखाचे पश्चिमेस समुद्रात गिली तेंगीरी नामे जे बेट, तेथे कचऱ्याची मोठी धामधूम जाहली ती कोणी केली, कैसी केली, आणि सेवट काय जाहला. त्यास, जे डोळां देखिले आणि जे नाके सोसिले ते अक्षर न चोरिता लिहितो. चित्त द्यावे, आणि रुमाल असलिया हाताशी ठेवावा.

बेट पाटासारखे सपाट. मशिदीचा मनोरा सोडिला तर उंच वस्तू म्हणोन नारळच. मोटार नाही, वाहन म्हणजे घोडागाडी. किनाऱ्याने पाहुण्यांची विश्रामगृहे, आणि पाहुणे बारमास. एकेक पाहुणा तीन दिवस राही, आणि जाताना बाटल्या, सपाता, दात घासावयाचे ब्रश आणि फुगवावयाचे हंस मागे टाकोन जाई. हा ऐवज गोळा करोन बेटाचे मध्यभागी नेणे आणि तेथून धक्क्यावरी पोहोचवणे, ही कामगिरी इनाक सहनिम हिजकडे. बाई पन्नाशी उलटलेली, विधवा, अंगाने काटक, बोलणे मोजके. माउलीचा मान म्हणोन सारे बेट तिला इनाक म्हणे. तिचे दिमतीस चौदा घोडागाड्या आणि बावीस बाया. तिची खाशी घोडी मेलाती, ती फौजेचे आघाडीस चाले.

पूर्वी दर गुरुवारी मुख्य भूमीहून बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, येई आणि ऐवज घेऊन जाई. मग बार्जेचे इंजिन बिघडले, आणि दुरुस्त कोणी करावे याविषयी दोन कचेऱ्यांत लखोटे सुरू जाहले, आणि लखोटे चालता चालता बारा वर्षे लोटली. इकडे पाहुणे येतच राहिले, आणि ढीग नारळाचे शेंड्यास लागला, आणि मग शेंड्याचेही वर गेला. त्यावरी गवत उगवले, पपया धरल्या, भोपळ्याचे वेल चढले.

ऐशास एके दिवशी कोणी परदेशी जोडपे वाट चुकोन त्यावरी चढले, आणि पश्चिमेस बालीचा आगुंग पर्वत व त्यामागे बुडता सूर्य पाहोन गहिवरले, आणि फोनमधील नकाशात त्यांनी लिहिले की, येथे सूर्यास्ताची टेकडी आहे, अति रम्य, मातीस रानटी सुवास. मग काय पुसावे? दुसरे दिवशी दहा चढले, महिन्याने दोनशे चढो लागले. मग हाजी मुनावीर साहेब, बेटावरील सर्वांत थोर विश्रामगृहाचे धनी, यांनी ढिगास पायऱ्या खोदिल्या, माथ्यावरी वेताच्या खुर्च्या मांडिल्या, आणि शहाळ्यांचे दुकान घातले. आम्ही त्या स्थळास सूर्यास्तगड म्हणतो, कारण गडास लागते ते सर्व तेथे होते. फक्त दगड नव्हता.

गडाचे पायथ्याशी इनाक सहनिमचे घर. विहिरीचे पाणी आधी पिवळे, मग काळे जाहले. तेही तिने सोसिले, पाणी लांबून आणिले. परंतु एके दिवशी मेलातीने चारा टाकिला आणि पोट फुगोन जमिनीवरी पडली. बाई दोन दिवस तिचे मानेशी बसोन राहिली, तेल पाजिले, पोट चोळिले. तिसरे दिवशी सकाळी घोडीने लीद टाकिली, आणि लिदीत निळी प्लॅस्टिकची पिशवी निघाली, अखंड, वरील अक्षरे वाचता येतील ऐसी. लिहिले होते, निसर्गाशी मैत्री. घोडी उठोन उभी राहिली. इनाक मात्र बसोनच राहिली, कारण तिचे ध्यानी आले की, या गडाची वीट न वीट आपण आपले गाडीतून वाहिली आहे. बांधणारी आपण, तर पाडणारीही आपणच, ऐसा निश्चय तिने त्या घटकेस केला.

प्रथम ती गावप्रमुख आमाक जुनैदी यांचे दरबारी गेली; बाईस इनाक तैसे पुरुषास आमाक, वडिलांचा मान. त्यांनी अर्जी ऐकोन मंडळ नेमिले, मंडळाने उपमंडळ नेमिले, आणि उपमंडळाने तळलेली केळी खाऊन ठरविले की विषय गंभीर आहे. मग ती गडावरी चढोन हाजीसाहेबांस भेटली. साहेबांनी खुर्ची दिली, शहाळे फोडोन दिले, आणि गोड बोलिले.

"इनाक, इतकी वर्षं कचरा वाहिलास, कुणी कधी तुझं नाव तरी घेतलं का? आता लोक त्याच कचऱ्यावर बसून फोटो काढतात. आनंद मान की जरा."

"हाजीसाहेब, तुम्ही वर बसता, मी खाली राहते. वास खाली येतो."

"वारा तसा आहे म्हणून येतो. तीन महिन्यांनी फिरेल वारा."

"मग तुमच्या हॉटेलाकडं जाईल."

यावरी साहेब म्हणाले की, तेव्हाचे तेव्हा पाहू. बाई शहाळे अर्धे ठेवोन गड उतरली.

इतक्यात खबर आली की बार्ज दुरुस्त जाहली. तिचा नाखवा दाएंग बास्सो, बुगिस या दर्यावर्दी जातीचा, समुद्रावरी केस पांढरे केलेला. त्याने निरोप धाडिला की, तिसरे तिसरे दिवशी धक्क्यास लागेन, माल तयार मिळाला तर नेईन. एक वेळ जरी धक्का रिता दिसला तरी दुसरे बेट धरीन आणि पुन्हा तोंड दाखविणार नाही. हे ऐकोन विश्रामगृहांचे धनी एकवटले, आणि गावप्रमुखांकरवी फर्मान काढविले की, धक्क्याचा रस्ता पाहुण्यांचे समोरून जातो, सबब त्या रस्त्याने कचऱ्याची गाडी नेणे मना. टेकडीस कुदळ लावणे तर समूळ मना. बार्ज येण्यास पांच दिवस उरले होते.

बाईने फर्मान ऐकिले, आणि घरी येऊन आपले परसाचे बाजूने, जेथे गड तिचे कुंपणात शिरला होता, तेथे खणो लागली. आपले परसात खणण्यास कोण मना करील? खणता खणता तिचे हाती सपाता आल्या, आणि सपातांवरी विश्रामगृहाचे नाव छापिलेले. साबणाच्या डब्या आल्या, त्यांवरी नाव. मोडक्या खुर्च्या, फाटके टॉवेल, सगळ्यांवरी नावे. ती हात थांबवोन पहात राहिली. मग तिने बावीस बाया बोलाविल्या आणि हुकूम केला की, नावागणिक वेगळे ढीग लावा. ज्याची वस्तू त्यास परत करणे, यात फर्मान कोठे मोडते?

परंतु दरवाजावरी पहारेकरी, ते गाडी आत घेतील कैसे? म्हणोन तिने आपला दीर आमाक केर्ताप यास पाचारण केले. त्याचेकडे बेटावरील मोठ्या ढोलांचे पथक. आमचे मुलखी लग्न जाहलियावरी न्योंगकोलान निघते. नवरी वाजतगाजत माहेरी भेटीस येते, मागे बायांचे डोईवरी तबके, आणि ज्याचे दारी ढोल थांबले त्याने फाटक उघडोन, हात जोडोन, सर्व स्वीकारणे, ही रीत. हिला आडवा जाईल ऐसा मनुष्य लोंबोकात जन्मला नाही. केर्तापाने मसलत ऐकोन घेतली, डोके खाजविले, आणि एकच शंका काढिली.

"ते सगळं ठीक आहे वहिनी. पण लग्न कुणाचं?"

"कुणाचं का असेना. वस्तू माहेरी चालल्यात, एवढं पुरे नाही का?"

"आणि नवरी?"

"नवरी सापडलीय," ती म्हणाली, आणि परसात झाकोन ठेविली होती ती त्यास दाखविली. केर्तापाने पाहिली मात्र, तो गुडघ्यावरी हात टेकोन हसत बसला, आणि मग ढोलांस चामडे ताणण्यास गेला.

बार्ज येण्याचे आदले दिवशी, दोन प्रहरी, फौजेने कूच केले. आघाडीस ढोल, आठ जण वाजवणार, भूमी हादरे. मागे बावीस बाया ठेवणीतली लुगडी नेसोन, डोईवरी पितळी तबके, तबकांवरी जरीचे रुमाल. त्यामागे चौदा घोडागाड्या, घोड्यांस घुंगरू, आणि मधोमध छत्राखाली पालखीत नवरी, तोंडावरोन पिवळा पदर. पाहुण्यांस वाटले की आपले नशिबी खरे लग्न पाहणे आले, म्हणोन ते पोहणे टाकोन ओले अंगाने मिरवणुकीत शिरले आणि नाचो लागले. ऐशी तीनशे परदेशी लोकांची कुमक आयती मिळाली.

पहिले विश्रामगृहाचा व्यवस्थापक जावा बेटाचा, नवखा. त्याने फाटक उघडिले, छातीवरी हात ठेविला आणि डोळां पाणी आणोन तबके स्वीकारिली. रुमाल उचलिले तो आत सपाता, एक्या पायाच्या. मग त्याचे नावाच्या गाड्या रित्या जाहल्या, आणि अंगणात छातीभर ढीग लागला, आणि ढोल वाजतच होते, म्हणोन त्यास रागावण्यासही अवकाश सापडेना. दुसरे ठिकाणी धनी सासक, म्हणजे लोंबोकचाच मूळचा, रीत जाणता. त्याने ओळखिले, परंतु रीत पडली, म्हणोन दात खाऊन हात जोडिले आणि वऱ्हाडास भातही वाढिला. येणेप्रमाणे पांच ठाणी सर जाहली.

सेवटी फौज हाजीसाहेबांचे फाटकी येऊन भिडली. साहेब खासा फाटकात उभे, दोन्ही हात पसरोन. पालखी खाली ठेविली आणि केर्तापाने पदर दूर केला. आत जलपरी. ही पूर्वी साहेबांचे दाराशी कारंजात उभी असे. नाक तुटले म्हणोन तीन वर्षांमागे रात्रीतून फेकोन दिली होती. आता तिला नवरीचा साज, कपाळास फुले, आणि ओंजळीत निळी पिशवी. पाहुण्यांनी टाळ्या पिटिल्या. साहेबांचे तोंड उतरले. ते म्हणो लागले की ही आमची नव्हेच.

तो गलका ऐकोन आतून साहेबांची मातोश्री काठी टेकत बाहेर आली. वय नव्वदीचे सुमारास, नजर अधू. तिने नवरीचे गालावरोन हात फिरविला, तुटके नाक चाचपिले, आणि वळोन लेकास म्हणाली, "ही आपलीच आहे. तुझ्या बापानं हौसेनं आणली होती. दारात आलेल्या पोरीला उन्हात काय ठेवलंयस? आत घे." आणि कनवटीचे पिवळे तांदूळ काढोन जलपरीवरी उधळिले. मग साहेब बाजूस सरले, आणि जलपरी आत गेली, आणि तिजमागे सात गाड्या ऐवज आत गेला.

बाहेर इनाक सहनिम मेलातीचा लगाम धरोन उभी होती. म्हातारीने तांदूळ उधळिले तेव्हा तिचे डोळे भरले. कारण विचारिता बोलली की, धूळ गेली.

त्या संध्याकाळी साऱ्या बेटावरी वारा उठला आणि ज्याचे अंगण त्याचा वास जाहला. पाहुणे सामान आवरो लागले. सकाळ होते तो सहाही धनी गावप्रमुखांचे ओसरीवरी दाखल, आणि विनंती एकच, की धक्क्याचा रस्ता मोकळा करावा, आताचे आता. आमाक जुनैदी यांनी फर्मान फिरविले, आणि या वेळी उपमंडळ नेमिले नाही, ही गोष्ट इतिहासात प्रथमच घडली. बार्ज आली तो धक्का भरलेला. दाएंग बास्सोने माल पाहोन इतकेच पुसिले की, आणखी आहे काय. इनाकने मागे बोट करोन गड दाखविला. नाखव्याने पागोटे काढोन डोके पुसले.

मग सत्तेचाळीस दिवस मोहीम चालली. वाढपी, आचारी, पाणबुडे, धनी, सर्व कुदळ घेऊन उतरले. बार्ज पंधरा वेळां आली आणि एकदाही धक्का रिता दिसला नाही. मुख्य भूमीवरी त्या ऐवजाचे पुढे काय जाहले, ते त्या मुलखीचे लेखकाने लिहावे. माथ्यावरी मात्र एक परदेशी साधू ध्यान लावोन बसला होता, तो काही केल्या उतरेना. त्यास कोणी हात लाविला नाही. चहूंकडोन खणीत गेले, आणि तो गडासोबत रोज वीत वीत खाली आला, आणि सेवटचे दिवशी सपाट जमिनीवरी डोळे उघडोन म्हणाला की, माझा अहंकार गळाला, आणि सर्वांस नमस्कार करोन होडीत बसला.

त्याच दिवशी अगदी तळाशी कुदळ लोखंडावरी वाजली. माती सारिली तो गंजलेला खांब, मग आडवा दांडा, मग दुसरा खांब. फुटबॉलचे गोल, जागचे जागी उभे. जुनी माणसे भोवती जमली. येथे बेटाचे मैदान होते, हे पोरांस ठाऊक नव्हते आणि थोरांस विसर पडला होता. हाजीसाहेब तरुणपणी याच गोलात गोलकीपर. आणि याच गोलामागे सहनिम नावाची मुलगी उभी राहोन बाहेर गेलेले चेंडू आणोन देत असे. सहा वर्षे आणोन दिले, आणि लाथ मारो कोणी दिली नाही, कारण मुलगी.

कोणी ऐवजातून एक चेंडू काढिला, अर्धा बसलेला. साहेब लुंगी खोचोन दांड्याखाली जाऊन उभे राहिले, आणि हातांवरी थुंकोन म्हणाले, "ये, इनाक. एकच हं. गुडघा दुखतो माझा."

इनाक पुढे आली. सपाता काढोन बाजूस ठेविल्या, चेंडू मातीत नीट बसविला, सात पावले मागे गेली.

येणेप्रमाणे मौजे गिली तेंगीरी येथील मोहीम फत्ते जाहली, ते दफ्तरी नमूद: गड एक, समूळ पाडिला. ठाणी सहा, रीतसर सर केली. आपले पक्षाकडील जखमी एक, आमाक केर्ताप, ढोल वाजवोन खांदा निखळला. शत्रूकडील जखमी एक, जलपरी, तेही पूर्वीचे. गोल एक. हाजीसाहेब उजवीकडे झेपावले, चेंडू डावीकडोन गेला.