दहा सेकंद आधी

आमच्या छायाचित्र मंडळाकडे लांब भिंगाचा कॅमेरा एकच आहे. आमचा जुना सभासद एमिल स्वोबोदा जाताना तो मृत्युपत्रात मंडळाच्या नावे करून गेला. कॅमेऱ्याच्या तबकडीवर ठरावीक सेटिंग साठवून ठेवायला तीन कप्पे आहेत आणि मंडळाचे सभासद एकतीस. मी चिटणीस. पुढे जे झालं ते सगळं नियमानुसार झालं, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या कप्प्यात सूर्यास्त गेला, कारण अध्यक्ष डॅरेल होफ्स यांना दुसरं काही काढता येत नाही. दुसऱ्यात ‘उडता पक्षी’. मार्चमध्ये आमच्या कर्नी गावात करड्या क्रौंचांचे थवेच्या थवे उतरतात, त्यामुळे त्यावर वाद नव्हता. तिसऱ्या कप्प्यात मक्याचं शेत ठेवायचं की चर्चमधलं लग्न, यावरून मात्र दोन सख्खे भाऊ आजही एकमेकांशी बोलत नाहीत. तो प्रश्न उपसमितीकडे आहे.

उडता पक्षी साठवला तो वार्षिक सहलीत, सगळ्यांचा एकत्र फोटो काढल्यावर लगेच. सेल्फ-टाइमर बंद करायचा राहिला, आणि पक्ष्याबरोबर तोही कप्प्यात जाऊन बसला. तेव्हापासून बटण दाबलं की कॅमेरा दहा सेकंद टुकटुक करतो, मग फोटो काढतो. तोवर पक्षी शेजारच्या कॅन्सस राज्यात पोचतो.

ही तक्रार पहिल्यांदा केली व्हर्ना कुचेराबाईंनी. वय एकोणऐंशी. एप्रिलमध्ये त्या कायमच्या मुलीकडे ॲरिझोनाला जाणार होत्या. करड्या थव्यात क्वचित एखादा पांढरा क्रौंच येतो. बाईंनी चाळीस वर्षांत तो चारदा पाहिला आणि चारही वेळा फोटो हुकला. हा शेवटचा मार्च.

“डॅरेल, ते टुकटुक तेवढं बंद कर बाबा,” बाई म्हणाल्या.

“बंद करता येईल, पण कप्पा ठराव क्रमांक चौदाने मंजूर झालाय. म्हणजे टाइमरही मंजूर झाला.”

“मग ठराव बदला.”

“सभा सप्टेंबरात.”

“सप्टेंबरात मी निवडुंगाचे फोटो काढत असेन रे.”

अध्यक्षांना पाझर फुटला. त्यांनी माझ्याकडून परिपत्रक काढवून घेतलं: सभासदांनी पक्षी येण्याच्या दहा सेकंद आधी बटण दाबावे. कोणी परस्पर कप्पा बदलू नये म्हणून तबकडी दुसऱ्या कप्प्यावर फिरवून वर चिकटपट्टी मारली. पट्टीवर सही माझी.

बाईंनी तीन आठवडे परिपत्रक पाळलं. रोज सकाळी रिकामं आभाळ बघून बटण दाबायचं. एकशे बारा फोटो आले, सगळे आभाळाचे. त्यातले दोन बरे होते, पण ते सूर्यास्ताच्या कप्प्यात बसत नाहीत म्हणून मंडळाच्या स्पर्धेतून बाद केले.

शेवटच्या शनिवारी समिती स्वतः पाहणीला गेली. कापलेल्या मक्याच्या शेतात, कुंपणापाशी आम्ही नऊ जण कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेवर वाकलो. बाई रस्त्यापलीकडे गाडीशेजारी कॅमेऱ्याचं तिकाटणं लावून बसल्या होत्या, मांडीवर कोलाचे नावाच्या गोड पावांचा डबा.

“बाई, दोष यंत्रात नाही, अंदाजात आहे,” अध्यक्ष ओरडले.

“असं? मग तुमच्यावरच बघते,” म्हणत बाईंनी भिंग आमच्याकडे वळवलं, बटण दाबलं आणि कोलाचा उचलला.

टुकटुक सुरू झालं. आम्ही पान एकशे चाळीसवर होतो. सातव्या-आठव्या सेकंदाला आमच्या मागे काहीतरी फडफडलं. “वाऱ्याने असेल,” असं मी नोंदवहीत लिहून घेतलं.

फोटो अप्रतिम आलाय. नऊ वाकलेली डोकी आणि त्यांच्यामागे, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर, पंख पसरून उतरणारा पांढराशुभ्र क्रौंच. बाईंनी फोटो पाहिला आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाल्या, “डॅरेल, तुझा हा पहिलाच फोटो जो सूर्यास्तापेक्षा बरा आलाय.” ॲरिझोनाला त्यांनी तो मांडीवर ठेवून नेला.

एक प्रत मंडळात लावली आहे. परिपत्रकाला यश आल्याने टाइमर कायम करण्यात आला. बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, “कुठल्या सेटिंगवर काढला?” पक्ष्याबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही.

आणि तुम्ही हसताय खरं, पण तिसऱ्या कप्प्यात शेवटी काय ठेवलं, हे विचारायचं तुमच्या ओठांवर आलंय. या, बसा. उपसमितीत एक जागा रिकामी आहे.