नानामामा अंथरुणाला खिळतात

वार्धक्य ही माणसाच्या आयुष्यभराच्या पुण्याईची अंतिम कसोटी असते आणि ती कधी येऊन ठेपेल हे कोणालाच ठाऊक नसते. माझे नानामामा मात्र या कसोटीला बसण्याआधी फोन करतात.

‘मास्तर, मंगळवारी तुमच्याकडं खिळाले येऊन राहिलो. हॉलमधी खाट टाकून ठेवजा.’

खिळायला म्हणजे अंथरुणाला खिळायला. मामांनी सत्तरी ओलांडली आहे, पण अमरावतीहून अकोल्याला ते एसटीत उभ्याने येतात आणि आमचे दोन मजले न थांबता चढतात. त्यांना काहीही झालेले नाही. पुढेमागे झालेच तर ते कोणाच्या घरी व्हावे, एवढे त्यांना आधी पाहून ठेवायचे आहे. मामा-मामींना मूलबाळ नाही. अमरावतीला घर आहे. जो कोणी दोघांना शेवटपर्यंत सांभाळेल त्याच्या नावे घर करून द्यायचे, असे मामांनी तमाम नातेवाइकांत जाहीर करून टाकले आहे. कोण सांभाळेल हे ठरवण्याची त्यांची पद्धत अशी, की त्याच्या घरी जाऊन एक दिवस पडायचे.

या पद्धतीचे मूळ त्यांच्या नोकरीत आहे. मामा जमीन मोजणीच्या खात्यात होते. एका धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, एकमेकांची डोकी फोडणारे सख्खे भाऊ पाहण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यातून त्यांनी एकच तत्त्वज्ञान काढले आणि ते अजून सर्वांना पुरवतात. ‘कागदावर समदेच सख्खे असतात. जागेवर जाऊन पाहा लागते.’

मी अकोल्याच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मी प्राध्यापक आहे, हे मामांना अनेकदा सांगून झाले. ‘हाओ, म्हंजे मास्तरच,’ असे म्हणून ते दर वेळी माझी मोजणी पूर्ण करतात.

निवृत्त झाल्यावर सरकारने जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, परत घेतली, म्हणून मामांनी खिशात मेजर टेप ठेवायला सुरुवात केली. कोणाच्याही घरी गेले की आधी न्हाणीघराचे दार मोजायचे. चाकाची खुर्ची त्यातून जाईल का, एवढाच प्रश्न. अमरावतीतल्या त्यांच्या एका मित्राने नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला भटजी मंत्र म्हणत होते, यजमान सोवळ्यात बसले होते आणि आतून टेप गुंडाळला गेल्याचा खर्रकन आवाज आला. मामा बाहेर येऊन सर्वांसमक्ष म्हणाले, ‘घर चांगलं हाय. पण इथं म्हातारं होता येत नाई.’ मित्राच्या बायकोने त्यांना प्रसादाचा शिरा दिला, पण जरा कमी.

लग्नात तर त्यांना नेऊच नये. शेंदूरजनाघाटला एका संत्रा-बागायतदाराच्या मुलाचे लग्न होते. आम्ही आहेर घेऊन मंचावर चढलो. लोक नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकत होते. मामांनी नवरदेवाच्या बापाला बाजूला ओढले.

‘बाग पोराच्या नावानं करून देसान, तं बक्षीसपत्रात अट लिहून घेजा. सांभाळलं नाई तं बाग वापस. कायदा हाय तसा. ज्येष्ठ नागरिकाचा. अट लिहून नसन तं मंग साहेबाच्या दारात अर्ज घेऊन फिरत राहा.’

‘नाना, आज लग्न हाय,’ बाप म्हणाला.

‘म्हणूनच आज सांगून राहिलो. उद्यापासून तो तुमचं आइकणार नाई.’

मी त्यांना चार पुस्तके वाचलेल्या माणसाच्या अधिकाराने समजावून पाहिले. म्हटले, मामा, हयातीत घर देऊन टाकू नका. मृत्युपत्र करा. ते हवे तेव्हा बदलता येते, घर तुमच्याकडे राहते, आणि नातेवाईकही नम्र राहतात.

‘मृत्युपत्र मेल्यावर कामाचं. मले मरण्याची फिकीर नाई. मरायच्या आंधीची हाय.’

‘मग बाई ठेवा. आता चोवीस तासांच्या बाया मिळतात.’

‘बाई ठेवीन. तिच्यावर लक्ष ठेवाले कोणाले ठेवू?’

मी वैतागलो. मामांशी बोलताना हे नेहमी होते.

त्यांचे पहिले खिळणे अमरावतीतच, त्यांच्या पुतण्याकडे, दिलीपकडे झाले. दिलीपला समाजकार्याची आवड आहे, म्हणजे त्याच्या दिवाणखान्यात भिंत दिसत नाही, नुसती सन्मानचिन्हे दिसतात. त्याने या प्रसंगासाठी वरखाली होणारा दवाखान्यातला पलंग भाड्याने आणला. मामांना त्यावर निजवून, सगळे कुटुंब भोवती हात जोडून उभे करून फोटो काढला आणि ‘आज काकांच्या सेवेचे भाग्य लाभले’ असे लिहून सगळ्या ग्रुपांवर पाठवला. मामी त्या फोटोत नव्हत्या. मग तो वडीलधाऱ्यांच्या सन्मानावर भाषण द्यायला भातकुलीला निघून गेला. दुपारी मामा पलंगावरून उतरले, चपला घातल्या, मामींचा हात धरला आणि ऑटो करून घरी आले. दिलीपला हे संध्याकाळी समजले, तेही मामांनीच फोन केला म्हणून. ‘पेशंट निघून आला हाय. पलंग वापस करून टाक, भाडं चढून राहिलं असन.’

काय बिनसले म्हणून मी विचारले. ‘जागा नाई जमली,’ एवढेच म्हणाले.

नंतर आमची पाळी. मी किरकोळ रजा टाकली. अर्जात ‘मामा आजारी’ असे कारण दिले. ‘मामा ठरवून आजारी’ असे लिहिले असते तर प्राचार्यांनी मलाच तपासायला पाठवले असते. माझी बायको वैशाली शाळेत शिकवते, तिनेही रजा घेतली. मामा-मामी सकाळच्या गाडीने आले. मामांनी चहा घेतला, न्हाणीघराचे दार मोजले, ‘मिस्त्री लागन’ असा शेरा मारला आणि खाटेवर आडवे होऊन जाहीर केले, ‘डावी बाजू गेली. वाचा शाबूत हाय.’

वाचा गेली असती आणि डावी बाजू राहिली असती तर दिवस सोपा गेला असता. चहा बशीने पाजायचा. उशी वर, उशी खाली. दर थोड्या वेळाने कुशीवर वळवायचे, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. बेडपॅनचा विषय निघाला तेव्हा मी म्हटले, ‘मामा, तेवढं झालं असं समजू.’

‘मोजणीत समजू नसते बे.’

शेवटी तडजोड झाली. ते न्हाणीघरापर्यंत चालत येतील, पण सगळा भार माझ्या खांद्यावर टाकून. त्यांनी तो प्रामाणिकपणे टाकला. मामा दिसतात किडकिडीत, पण त्यांचे वजन तत्त्वांचे आहे.

या सगळ्यात वैशाली एकदाही हॉलमध्ये आली नाही. ती आणि मामी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला तिचा राग येत होता. इकडे मी एका धडधाकट माणसाला कुशीवर लोळवतो आहे आणि ही आत गप्पा मारते आहे. मी काही बोलायला गेलो की मामा डोळे मिटून म्हणत, ‘चूप बस जरा.’ मला वाटले, त्यांना झोप लागते आहे.

संध्याकाळी त्यांची डावी बाजू परत आली आणि मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. वैशाली मामींना घेऊन बाकावर बसली. मी आणि मामा चहाच्या टपरीशी उभे राहिलो. माझा खांदा ठणकत होता.

‘मग मामा, निकाल काय? पास का नापास?’

‘तू नापास. मले वळवतानी तू घड्याळ पाहून राह्यलता. सूनबाई पास.’

‘ती तर दिवसभर तुमच्याकडे फिरकलीसुद्धा नाही.’

‘मले कोण पाहते हे पाहाले मी नोतो आलो.’

मी कप खाली ठेवला.

‘तुही मामी इसरून राह्यली, मास्तर,’ मामा म्हणाले. ‘आता सांगतलं ते आता नाई. सकायपासून तिनं सूनबाईले विचारलं, तुले लेकरं किती वं. घडीघडी तेच. सूनबाईनं दर वेळी सांगतलं, जसं काई पहिल्यांदाच विचारलं. आवाज नाई चढला. दिलीपच्या घरी तिनं तेच विचारलं, तं त्याच्या बायकोनं टीव्ही मोठा केला.’

‘मग हे खाटेवर पडणं, डावी बाजू, हे सगळं कशाला?’

‘मी पडलो का समदे माह्याकडं पाहतात. तिच्याकडं कोण पाहते, ते मंग मले आइकू येते.’

‘सरळ सांगायचं होतं की आम्हाला.’

‘सांगतलं असतं तं एक दिवस समदेच चांगले वागले असते.’

मामा पुढे बोलले ते बाकाकडे पाहत. घर मामींच्या नावाचे आहे, त्यांच्या वडिलांनी त्यांना दिलेले. डॉक्टरांनी दाखला दिला आहे, की त्यांना आज व्यवहार कळतो. हे किती दिवस कळेल, ते डॉक्टर सांगत नाहीत. एकदा कळेनासे झाले की त्यांच्या सहीला कायद्यात किंमत उरणार नाही, आणि मग घर असूनही ते देण्याच्या बदल्यात त्यांना सांभाळायला कोणाला बांधून घेता येणार नाही.

‘म्हणून घाई हाय,’ मामा म्हणाले. ‘नाईतं मले काय, खाटेवर पडाची हौस हाय काय?’

थोडी असावी, असे मला अजूनही वाटते.

पुढच्याच आठवड्यात आम्ही अमरावतीला निबंधकांच्या कार्यालयात गेलो. घर वैशालीच्या नावे व्हायचे होते. माझे नाव त्या कागदात ती कोणाची पत्नी हे सांगण्यापुरते आले आहे. वकिलांनी अटी वाचून दाखवल्या. मामींना खिडकीची खोली. दोन वेळचा चहा, आल्याचा. औषधपाणी. घरात एकटे ठेवायचे नाही. ‘एकच प्रश्न कितीही वेळा विचारला तरी उत्तर द्यावे’ या अटीला वकिलांनी हरकत घेतली होती, ही कायद्याची भाषा नव्हे म्हणून. मामांनी ती काढू दिली नाही. अटी पाळल्या नाहीत तर घर परत.

निबंधक साहेबांनी मामींना समोर बसवले. मामांनी त्यांच्या पदराचे टोक सारखे केले आणि मागे उभे राहिले.

‘आजी, घर कोणाला देऊन राहिल्या? कोणी जबरदस्ती तर केली नाही?’

मामी वैशालीकडे पाहत राहिल्या. वकिलांनी घसा खाकरला, तर साहेबांनी हातानेच त्यांना थांबवले.

‘इले,’ मामी म्हणाल्या. ‘वैशालीले. सून हाय माही, अकोल्याची. रागवत नाई.’

मामांनी श्वास सोडला. साहेबांनी पेन पुढे केले. मामींनी ते घेतले आणि टेबलावर ठेवून दिले.

‘पण यायचं नाव कुठी हाय?’

‘कोणाचं, आजी?’

‘यायचं.’ त्यांनी मागे न पाहता अंगठ्याने मामांकडे दाखवले. ‘मी समदं आइकलं. माहा चहा हाय, माह्या गोळ्या हाय, माही खिडकी हाय. यायचं काईच नाई. यायले कोण पाहीन?’

वकिलांनी कागद चाळला. खरेच नव्हते. नात्यातल्या खाटांवर स्वतः पडून पाहणाऱ्या माणसाने स्वतःसाठी एकही अट घातली नव्हती.

‘माहं काई नाई, साहेब,’ मामा म्हणाले. ‘मी धडधाकट हाओ. हे कागद तिच्यासाठी हाय.’

‘मंग मी सही नाई करत,’ मामी म्हणाल्या.

‘अवं, आज करून घे. आजचा दिवस हाय. बाकीचं मंग पाहू आपण.’

‘यायचं लिहा आंधी.’

वैशाली वकिलांना म्हणाली, ‘लिहा ना, काय होते? दोघांचं लिहा.’ मामा भिंतीवरच्या मुद्रांकाच्या दरपत्रकाकडे तोंड करून ते वाचत राहिले. चष्मा त्यांच्या हातात होता.

वकील खाली जाऊन नवा कागद टाइप करून आले. तोवर लाइन जाऊन कार्यालयातले संगणक बंद पडले होते. सही राहिली. साहेब सोमवारी या म्हणाले, आणि येताना आधारच्या झेरॉक्स दोन-दोन आणा.