गिधाडाच्या पाठीवरचा बिल्ला

मदीहा शेखच्या ताब्यातली वस्तू हरवणं शक्यच नव्हतं. हे ती स्वतः सांगायची, आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायची. चंद्रपुरातल्या एका पक्षी-संशोधन संस्थेत ती सामानाची प्रमुख होती. त्या विभागात ती एकटीच होती, पण चालताना मागून पलटण येत असावी असा तिचा रुबाब होता.

संस्था गिधाडांचा अभ्यास करायची आणि त्यासाठी अमेरिकेच्या सरकारचं अनुदान यायचं. त्या अनुदानाची एक अट होती. त्यातून घेतलेल्या प्रत्येक महागड्या वस्तूला नंबर द्यायचा, ती कुठे आहे आणि कशा स्थितीत आहे ते नोंदवायचं, आणि अधूनमधून बाहेरचा माणूस येऊन ती वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जाणार. संस्थेतल्या बाकी लोकांना ही कटकट वाटायची. मदीहाला हा सन्मान वाटायचा. तिचे अब्बा मुजफ्फर शेख बसस्टँडजवळ गाड्यांच्या नंबरप्लेटा बनवायचे. नंबर नसलेली वस्तू पाहिली की तिला बारसं न झालेलं पोर पाहिल्यासारखं व्हायचं.

तिने अब्बांकडून अॅल्युमिनियमचे नखाएवढे बिल्ले कोरून घेतले आणि सुटली. कॅमेरे, सूक्ष्मदर्शक, नमुने ठेवायचा फ्रीझर हे तर नियमातलंच होतं. पण पुढे ऑफिसातल्या स्टुलाला, चहाच्या किटलीला आणि दारातल्या तुळशीच्या कुंडीलाही बिल्ले लागले. संचालक बापूराव मोहुर्ले एकदा आपला जेवणाचा डबा टेबलावर विसरून गेले, तर दुसऱ्या दिवशी तो त्यांना सही करून सोडवावा लागला. बापूरावांनी हसत सही केली. मदीहा हसली नव्हती.

त्या जानेवारीत नागपूरच्या एका हिशेबतपासणीच्या कार्यालयातून निकेश वैरागडे नावाचे साहेब पडताळणीला आले. मूळचे ते घुग्घुसचे, पण नागपुरात राहून भाषेला अशी इस्त्री मारून घेतलेली, की बोलणं ऐकून मराठीच्या पाठ्यपुस्तकाला घाम फुटावा. अंगावर पांढराशुभ्र शर्ट आणि चेहऱ्यावर काहीच नाही. सकाळभर ते खोलीखोलीतून फिरले. त्यांनी नाव घ्यावं आणि मदीहाने वस्तूवर हात ठेवावा, असं चाललं होतं. दुपारी साहेब म्हणाले की इतकं नीटनेटकं काम त्यांनी आजवर कुठेच पाहिलेलं नाही.

इथे थांबायला हवं होतं. चहा आला होता, समोसे आले होते, साहेबांचं पेन खिशात चाललं होतं. पण तारीफ मदीहाच्या डोक्यात सायकलच्या ट्यूबमधल्या हवेसारखी भरत गेली होती. ती म्हणाली, "सर, अजून कोणतीबी एक वस्तू निवडा. तुमच्या मनानं."

निकेशसाहेबांनी पेन पुन्हा बाहेर काढलं, पान उलटलं आणि नेमकं बोट ठेवलं ते उपग्रहाशी बोलणाऱ्या ट्रान्समीटरवर. ठिकाणाच्या रकान्यात मदीहानेच लिहिलेलं होतं: गिधाडाच्या पाठीवर.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग शांतपणे विचारलं की हे गिधाड इमारतीत कुठे असतं.

बापूरावांनी समजावून सांगितलं. पांढऱ्या पाठीची एक मादी आहे, गडचिरोलीच्या जंगलात असते, तिच्या पाठीवर हे छोटं यंत्र बसवलं आहे, उन्हावर चालतं आणि ती कुठे आहे ते कळवत राहतं. संगणकावर तिचा ठिपका दिसतो, तो पाहून घ्यावा. निकेशसाहेबांनी ठिपका आदराने पाहिला आणि म्हणाले की ठिपका दिसला, आता वस्तू दाखवा.

त्यांचा नियम चुकीचा नव्हता. बापूराव सांगू शकले असते की काही वस्तू अशा असतात ज्या पाहता येत नाहीत, त्याचं वेगळं पत्र जोडू. ते तोंड उघडतच होते. पण मदीहा आधीच बोलून चुकली होती.

"दाखवतो ना सर. काही अवघड नाई. हे यंत्र तर आपलं सगळ्यात शिस्तीचं आहे. बाकीच्या वस्तू इकडून तिकडं जातात, हे महिनाभरापासून जागचं हललं नाई."

बापूरावांच्या हातातला समोसा बशीत परत गेला.

झालं होतं असं, की ठिपके रोज पाहायचं काम रंजीता नावाच्या संशोधिकेचं. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा नोंदी नुसत्या जपून ठेवायला मदीहाकडे आल्या. मदीहा बापूरावांना दर आठवड्याला कळवायची की ट्रान्समीटर जागेवर आहे. बापूराव समजायचे की पाखरू आपल्या मुलखात आहे, फिरतंय, खातंय. मदीहाला म्हणायचं होतं ते शब्दशः. ठिपका एका नाल्याच्या काठी बसला होता, आणि महिना झाला तरी बसलेलाच होता. हवा ढगाळ असल्याने यंत्र दिवसातून एखाददुसऱ्या वेळीच बोलत होतं, पण बोलायचं तेव्हा तिथूनच. स्टोअरच्या माणसाला याहून जास्त आनंदाची गोष्ट कोणती?

बापूरावांनी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. एवढे दिवस एका जागी पडलेलं गिधाड बहुतेक मेलेलं असतं, असं ते अगदी हळू बोलले. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मदीहाने संस्थेची बोलेरो काढली. बापूरावांचे गुडघे जंगलात चालण्याच्या कामाचे उरले नव्हते, म्हणून ते मागे राहिले. शेजारी निकेशसाहेब, मागच्या सीटवर तिपाईवरची मोठी दुर्बीण. मूल गाव गेलं, गडचिरोली गेलं, चामोर्शी मागे पडली. साहेबांनी वाटेत सहज म्हणून सांगितलं की वस्तू हरवली, मोडली किंवा चोरीला गेली तर तिन्हींसाठी वेगवेगळा कागद असतो. मरण पावली तर कोणता, हे त्यांनाही पाहावं लागेल.

मदीहा गाडी चालवत राहिली. आधी तिच्या डोक्यात कागदच होते. मग तिला ते यंत्र बसवलं तो दिवस आठवला. बिल्ला दुसऱ्या कुणी वाकडा लावू नये म्हणून ती मुद्दाम जंगलात गेली होती. जंगलातल्या माहीतगार लालसूभाऊंनी मादीचं डोकं आपल्या दुपट्ट्यात धरून ठेवलं होतं आणि मदीहाने पिसं बाजूला करून यंत्रावर बिल्ला चिकटवला होता. बोटांखाली त्या पाखराचं काळीज शिवणयंत्रासारखं धडधडत होतं. लावून झाल्यावर तिने त्याला "झालं बाई, झालं" असं म्हटलं होतं, आणि बाकीचे हसले होते. ते आठवल्यावर गिअर बदलताना तिच्याकडून गाडी दोनदा बंद पडली.

लालसू पुंगाटी गावाच्या फाट्यावर उभे होते. संस्थेसाठी घरट्यांची राखण करणारा हा गोंड गृहस्थ मूळचाच निराशावादी. आकाशात ढग नसला तरी छत्री घेऊन निघेल आणि ती उघडणार नाही असंही सांगेल. ठिपक्याची जागा त्यांच्या नेहमीच्या फिरण्यातली नव्हती, नाल्यापलीकडची होती. मदीहाने सगळं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली.

"काई उरलं नसन, बाई," ते म्हणाले. "तरस घेऊन गेलं असन. यंत्र भेटन, पाखरू नाई भेटत."

तिघे नाल्यातून चालत निघाले. पुढे लालसूभाऊ, मध्ये दुर्बीण खांद्यावर टाकलेली मदीहा, मागे निकेशसाहेब, ज्यांचे काळे चकचकीत बूट एकेका पावलानिशी मातीच्या रंगाचे होत होते. पण तक्रार नाही. मदीहाची नजर जमिनीवर होती. पिसं, हाडं, चामड्याचा पट्टा, काहीतरी चमकणारं. काही सापडू नये असं तिला वाटत होतं. सामान शोधायला निघून ते सापडू नये असं वाटण्याची तिच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ.

तेवढ्यात लालसूभाऊ थांबले. त्यांनी जमिनीकडे पाहिलंच नव्हतं. समोरच्या उंच अर्जुनाच्या झाडाखालचा पाला पांढरा झाला होता, कुणी चुन्याची बादली ओतल्यासारखा. त्यांनी वर पाहिलं, मग खाली बसले आणि दोघांनाही हाताला धरून खाली बसवलं.

शेंड्याजवळच्या दुबेळक्यात काटक्यांचं मोठं घरटं होतं. घरट्यात कुणीतरी होतं.

मदीहाने करवंदीच्या जाळीआड तिपाई उभी केली. दुर्बिणीची काच उन्हात चमकून पाखरू बिचकू नये म्हणून लालसूभाऊंनी तिला काहीतरी टाकायला सांगितलं, तर तिने आपली हिरवी ओढणी वरून पांघरली. डोळा लावला. आधी नुसत्या काटक्या दिसल्या. मग लांब उघडी मान दिसली, आणि मान वळली.

मादी जिवंत होती. महिनाभर ती अंड्यावर बसली होती. नर घरट्यावर बसेल तेवढा वेळ ती थोडं उडून येत असणार, आणि नेमकं तेव्हा ढगांमुळे यंत्र गप्प असणार. एवढीशी ही गोष्ट. तेवढ्यासाठी दोन जिल्ह्यांतल्या माणसांनी तिला मनातल्या मनात मारून ठेवलं होतं.

मदीहा बाजूला झाली आणि निकेशसाहेबांना जागा दिली. डोळ्यांतलं पाणी तिने बाहीने पुसलं. साहेब बराच वेळ पाहत राहिले. मग कुजबुजले की वस्तू आहे, हे मान्य, पण नंबर दिसत नाही.

लालसूभाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या माणसाने पडताळणी तिथेच संपवली असती. पण वरून वारा आला. मादी उठली, पाठ फिरवली, पाठीवरची पिसं उलटली आणि अब्बांच्या हातचा बिल्ला उन्हात चमकला. साहेबांनी एकेक आकडा हळू आवाजात वाचला. मदीहाने कागद न पाहता त्यांच्याबरोबर म्हटला. आणि मादी उठली तेव्हाच तिच्या पायांमधून एक पांढुरकं, टकलं, थरथरतं डोकं वर आलं. कुणाला तरी भूक लागली होती.

या बाजूच्या जंगलात गिधाडाचं पिल्लू लालसूभाऊंनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते गोंडीत काहीतरी पुटपुटले आणि मग मदीहाकडे पाहून म्हणाले, "पोट्टं आहे, बाई. पोट्टं झालं आपल्याकडं."

निकेशसाहेब त्या वेळी नोंद करत होते. नर त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर कधी येऊन बसला, हे कुणालाच कळलं नाही. बसला आणि मोकळा झाला. पांढरा, पातळ, कोमट लोट साहेबांच्या भांगातून निघून चष्म्यावरून शर्टाच्या खिशात गेला. वास असा, की करवंदीच्या जाळीनेही तोंड फिरवावं.

लालसूभाऊ कुजबुजले, "हलू नोका. नर आहे. त्याले घरट्यावर जाऊ द्या."

साहेब हलले नाहीत. पेन कागदावर तसंच टेकलेलं. नागपुरात मारलेली इस्त्री एका क्षणात उतरली आणि आतून घुग्घुस बाहेर आलं.

"नाई हालत जी," ते ओठ न हलवता म्हणाले. "पण लवकर जा म्हणा त्याले. तोंडात जाऊन राह्यलं."

मदीहाने ओठ एवढे घट्ट दाबले की नंतर दिवसभर दुखत होते. नर घरट्यावर गेला, पिल्लाला भरवू लागला, आणि लालसूभाऊंनी हाताने खूण केली की आता निघायचं, वाकून, मागे न बघता. तिघे गुडघ्यांवर रांगत नाल्यात उतरले. तिथे साहेबांनी डोकं धुतलं, खिसा धुतला, आणि मग अचानक हसायला लागले. ते हसू शकतात, ही त्या दिवशीची दुसरी बातमी.

गाडीजवळ आल्यावर मदीहाने नेटवर्क शोधून बापूरावांना फोन लावला. पिल्लू आहे, एवढं तिने सांगितलं. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मदीहाची छाती अभिमानाने अशी फुगली की बोलेरोचं दार उघडायला तिला जरा मागे सरकावं लागलं. वस्तू जागेवर, नंबर जुळलेला, स्थिती उत्तम, आणि वर एक पिल्लू.

"बाकी सगळं ठीक आहे," ओल्या शर्टातले निकेशसाहेब पुन्हा इस्त्रीच्या भाषेत म्हणाले. "फक्त ती मोठी दुर्बीण कुठे आहे?"

मदीहाने मागच्या सीटवर पाहिलं. मग खांद्यावर पाहिलं. मग लालसूभाऊंकडे. लालसूभाऊ आकाशाकडे पाहत होते.

ती वळून निघालीच होती, तर त्यांनी वाट अडवली. घरट्याखाली आता कुणी जायचं नाही, पिल्लू उडेपर्यंत नाही. अमेरिकेचं सरकार आलं तरी नाही. त्यांचं बरोबर होतं आणि ते तिला कळतही होतं. तिने नाल्याकडे एकदा पाहिलं. मग मान ताठ केली.

"लिहा सर," ती म्हणाली. "वस्तू जागेवर आहे. स्थिती चालू. वापरात आहे."

साहेबांनी लिहिलं. कशाच्या वापरात, हे त्यांनी विचारलं नाही.

दुर्बीण अजून तिथेच आहे, जाळीआड, हिरवी ओढणी पांघरून, घरट्याकडे तोंड करून. लांबून ढोरं नेणाऱ्या गावकऱ्यांचा समज झाला आहे की संस्थेने पिल्लावर कायमची एक बाई नेमली. लालसूभाऊ तो समज मोडत नाहीत. त्यामुळे घरट्याकडे कुणी फिरकत नाही, आणि कधीही बसत नाही, सुट्टी मागत नाही म्हणून त्या बाईची गावात फार तारीफ आहे.