तायडेभाऊंची बिनफॉस्फेटची भांडी

तायडेभाऊ तुमच्याकडे जेवायला आले, तर पाटावर बसल्याबरोबर आधी रिकामं ताट उजेडात धरतात. एकदा सरळ, एकदा तिरपं. मग ताटावरून बोट फिरवतात, बोट नाकाशी नेतात आणि विचारतात, "मॅडम, कायनं धुतलं हे?" आपण चाचरत साबणाचं नाव सांगायचं. ते मान हलवतात. "असन. पन भरोसा काय?"

हा त्यांचा ठरलेला शब्द. एसटी वेळेवर येईल म्हटलं, तर भरोसा काय. सिलिंडर नीट बसलंय म्हटलं, तर भरोसा काय. आम्ही दोघं एकाच कॉलेजात होतो. मी मराठी शिकवायचे, ते रसायनाच्या प्रयोगशाळेत सहायक. त्यांच्या सबंध नोकरीत एकाही पोराचा हात ॲसिडनं भाजला नाही. कारण ॲसिडची बाटली पोरांच्या हातात देताना ते स्वतःच इतके घामाघूम व्हायचे, की पोरंच म्हणायची, "राहू द्या सर, आमी नुसतं लिहून घेतो."

निवृत्तीनंतर मालेगावात आम्ही भिंतीला भिंत लावून राहू लागलो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं पुण्याहून भांडी धुवायची मशीन पाठवली. गल्ली बघायला लोटली. शोभावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मशीनकडे पाहून म्हणाल्या, "बाप्पा! दोन मान्सांच्या भांड्याले येवढी मोठी पेटी?" भाऊ मात्र पेटीकडे पाहतच नव्हते. ते तिच्यासोबत आलेल्या पावडरच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "याच्यात फॉस्फेट हाय," ते म्हणाले आणि पुडा दोन बोटांत धरून घराबाहेर ठेवून आले. कुणी मेलेली पाल टाकून यावी तसे.

तिथून सुरू झालं. बिनफॉस्फेटच्या जेवढ्या पावडरी मिळतील तेवढ्या त्यांनी मागवल्या. पहिलं पार्सल नाशिककडच्या मालेगावला गेलं. भाऊ तीन दिवस फोनवर ओरडत होते, "आमचं जहांगीरवालं मालेगाव हाय! वाशिम जिल्हा! वाशिम!" चौथ्या दिवशी पार्सल आलं, तर त्यांना नवीनच चिंता लागली. एवढं फिरून आलेली पावडर दमट झाली असेल तर?

मग परीक्षा. सारख्या आकाराची बारा ताटं, पाठीवर नेलपॉलिशनं नंबर घातलेले. प्रत्येक ताटाला मोजून एक चमचा पिठलं फासायचं, अंड्याचा बलक चोपडायचा आणि सावलीत चार तास वाळवायचं. चहाचे कप वेगळे. एका खेपेला एकच पावडर. आणि निकाल द्यायला मी, कारण "मॅडमनं आयुष्यभर पेपर तपासले हाय."

भाऊ समोर ताटं मांडायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. "मॅडम, आरामात सांगा. घाई नाई." आणि दुसऱ्या क्षणी, "सांगा नं बाप्पा लवकर!"

पहिली पावडर पिठल्याला हात लावत नव्हती. दुसरी पिठलं काढायची, पण बलक तसाच. तिसरी दोन्ही काढायची, तर काचेचे ग्लास पांढरेफटक व्हायचे. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यात चुना भरपूर. फॉस्फेट तो चुना धरून ठेवतं, ग्लासावर बसू देत नाही. फॉस्फेट काढलं की चुना मोकळा. हे सगळं त्यांनीच मला समजावलं. मी सहज बोलून गेले, "मग भाऊ, फॉस्फेटवालीच वापरा ना. भांडी लख्ख निघतील."

त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. "ते नाव नका काढू मॅडम. घरात ऐकू जाते."

चौथ्या पावडरीनं मात्र कमाल केली. ताट, कप, ग्लास, सगळं चकाचक. मी आनंदानं दहापैकी नऊ गुण दिले. भाऊ हादरले. "येवढं साफ? म्हंजे याच्यात नक्की काहीतरी हाय." पुड्यावर फॉस्फेट नाही असं छापलं होतं. भरोसा काय? दुसऱ्या दिवशी ते कॉलेजातून थोडं नायट्रिक ॲसिड आणि मॉलिब्डेटची बाटली मागून घेऊन आले. मागच्या अंगणात गॉगल लावून परीक्षानळी तापवत बसले. फॉस्फेट असेल तर नळीत हळदीसारखा पिवळा साका येतो. मला भिंतीपलीकडूनच बघायची परवानगी होती. पिवळं आलं नाही. भाऊ इतका वेळ श्वास धरून बसले होते, की पाणी प्यायला दोन तांबे लागले.

गल्लीनं ठरवून टाकलं, की भाऊ पर्यावरणवाले झाले. साबणाच्या पाण्यानं तळ्यात शेवाळ माजतं, असं ते एकदा कुणाला तरी म्हणाले होते. लोक कौतुक करायचे, भाऊ गप्प राहायचे. मीही तेच धरून चालले.

या सगळ्यात शोभावहिनी रोज चार वाजता माझ्याकडे यायच्या. घरी यांच्या ताटांना जागा पुरत नाही, म्हणायच्या. आल्या की स्वयंपाकघरातला शेंगदाण्यांचा डबा स्वतःच काढायच्या. भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा. शनिवारी माझ्या फ्रिजमधलं ते काळं कोल्ड्रिंक, अर्धा ग्लास. "डाक्टरनं घरी सारंच बंद केलं हाय. तोंडाले चवच नाई उरली. यायले नका सांगू बरं." मला वाटलं, बीपी असेल, कोलेस्टेरॉल असेल. आपल्या वयात कुणाला नसतं? मी डबा भरून ठेवत गेले.

या चैत्रात एका दुपारी शेजारून भांड्यांचा मोठा आवाज आला. वहिनी रिठदला बहिणीकडे गेलेल्या होत्या. मी धावले. अंगणात घरातली झाडून सारी भांडी बाहेर काढलेली. पातेली, डबे, पोळपाट, पाण्याची टाकी रिकामी. मधोमध भाऊ गॉगल लावून बसलेले, पुढ्यात स्टँडवर दहा-बारा परीक्षानळ्या. एकही पिवळी नव्हती. आणि भाऊ रडत होते.

"भाऊ, अहो काय झालं?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला. अकोल्याच्या दवाखान्यातला वहिनींचा रिपोर्ट. एका आकड्याखाली दोनदा रेघ मारलेली.

"किडनी हाय मॅडम. दोन वर्सं झाले. तिनं कोनाले सांगू देल्लं नाई. लोक कीव करतात म्हने. फॉस्फरस वाढू द्याचा नाई, वाढलं का हाडं खराब होतात, हृदयाले धोका. दूध कमी केलं, दाळ मोजून देल्ली, शेंगदाने त घरातूनच काढले. तरी हे पाहा. वाढलंच."

"पण ताटावरच्या पावडरीनं एवढं वाढतं का हो?"

"नाई वाढत," ते म्हणाले. "डाक्टरले पाच वेळा इचारलं. धुतलेल्या ताटावर काईच राहत नाई म्हने. मले बी समजते. रसायनात जिंदगी गेली."

शेंगदाण्यांचा डबा डोळ्यांसमोर आला. मग सगळं सांगून टाकलं. रोजचे चार वाजताचे शेंगदाणे, मूठभर, कधी दोन मुठी. मला माहीत नव्हतं हो, असं तीन-चारदा म्हटलं.

भाऊंनी गॉगल काढला. रागावले नाहीत.

"मले माहीत हाय. सुरुवातीपासून माहीत हाय. तुमच्याकून येते तवा तिच्या पदराले वास येते. अन् तवा ती खुश असते. रातच्या जेवनापरेंत गोष्टी सांगते."

"मग अडवलं का नाही?"

"नाई होत माझ्यानं. मीठ काढून घेतलं, दूध काढून घेतलं, वरनाची वाटी अर्धी केली. तेवढंच तर एक उरलं होतं." ते नळ्यांकडे बघत राहिले. "म्हनून म्हटलं, बाकी कुठूनतरी कमी करू. पान्यातून, ताटातून, जिथं आपला हात पोचते तिथून. आज सकाळपासून एकच मागून राह्यलो, का एखाद्या नळीत पिवळं यावं. पिवळं आलं असतं, त तेच बंद केलं असतं. शेंगदाने चालू राहिले असते."

मी खाली त्यांच्याशेजारी बसले. सांगायचं अजून एक राहिलं होतं. "भाऊ, शनिवारी कोल्ड्रिंकपण. ते काळं."

"काळं?" ते ताडकन उठले. "त्याच्यात त फॉस्फोरिक ॲसिडच असते! मॅडम, मी इकडं पातेले खरवडून राह्यलो, अन् तुमी तिले ग्लासानं पाजून राह्यल्या?"

त्या अवस्थेतही आम्हा दोघांना हसू आलं. ते हसू फार टिकलं नाही. भांडी आत नेताना ते दारात थांबले. "मॅडम, तुमीच नाई म्हना तिले. मी म्हटलं, त मी तिच्यासाठी नुसता डाक्टरचा मानूस होऊन जाईन."

दुसऱ्या दिवशी चार वाजता वहिनी आल्या. हात डब्याकडे गेला. मी म्हटलं, "वहिनी, शेंगदाणे संपले." डबा काचेचा होता आणि गळ्यापर्यंत भरलेला होता.

वहिनींनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच हात मागे घेतला आणि खुर्चीवर बसल्या.

"त्यायनं सांगतलं नं?"

मी डबा उचलून फळीवर मागे सरकवला.

"काल मी रिठदहून आली, त सारं घर धुतलेलं होतं. जेवतानी माझ्या ताटाकडं पाहूच नोयते राह्यले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. पुसण्यासारखं तिथं काही नव्हतं. "बरं. उद्यापासून आपन नुसत्या गोष्टी करू. पन त्यायले सांगा, का मी लय भांडली तुमच्यासोबत. डबा ओढला म्हना, रागवली म्हना."

"ते कशाला?"

"नाई तं त्यायले वाटन, मी त्यायच्यासाठी सोडलं. मंग रडत बसन तो मानूस."