टेस्टरकाकांची न मिटलेली तक्रार

टेस्टरकाका आयुष्यात एकच गोष्ट अभिमानाने सांगत, आणि ती भेटेल त्याला सांगत. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून चौतीस वर्षं काढली, हजारो तक्रारी आल्या, पण सूर्य मावळायच्या आत मिटली नाही अशी एकही तक्रार नाही! एकही! हे सांगताना ते शर्टाच्या खिशावर दोन बोटं आपटत. त्या खिशात टेस्टर असे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी असे. पुतण्याच्या लग्नात तो कोटाच्या खिशात होता, फोटोतही आला आहे. सगळी इमारत त्यांना टेस्टरकाका म्हणे आणि काकांना ती पदवी वाटे.

घरातही त्यांनी एक तक्रारवही ठेवली होती. खात्यात असे तशीच, चार रकान्यांची. तक्रार, कारण, उपाय, मिटल्याची वेळ. बाथरूमचा नळ गळण्यापासून काकूंचा चष्मा हरवण्यापर्यंत सगळं तीत होतं. चष्म्यापुढे लिहिलं होतं, कारण: डोक्यावर होता. उपाय: तोंडी सांगितले. वेळ: तत्काळ.

अशा या माणसाच्या वहीत एके दिवशी लॅग आला.

काकांना एकुलती एक लेक. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते. बापलेकीचं एकमेकांवर फार प्रेम, पण फोनवर दोघांचीही गाडी तिसऱ्या वाक्याला बंद पडायची. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो. बरं, आईला देतो." संपलं! वर्षानुवर्षं हेच. मग गेल्या वर्षी लेक सुट्टीला आली आणि तिने वडिलांच्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला. चार गडी मिळून ऑनलाइन खेळायचा. तिघांनी किल्ल्याबाहेर जाऊन शत्रूच्या डोळ्यांदेखत मशाल पळवून आणायची, आणि तिघं आत शिरली की चौथ्याने बटण दाबून वरचं फाटक धाडकन खाली पाडायचं, म्हणजे शत्रू बाहेर. तिघांत लेक, तिच्या ऑफिसातला एकजण, तोच संघाचा कप्तान, आणि त्याची बायको. फाटकावर टेस्टरकाका.

काय सांगावं! जो माणूस फोनवर तीन शब्दांवर जात नसे तो दर रविवारी चार वाजता कानाला हेडफोन लावून तासभर ओरडत असे. "डावीकडून ये! डावीकडून! अगं, मागे दोन आहेत!" आणि लेक तिकडून, "बाबा, फाटक! फाटक!" काकांना त्या तासासाठी आठवडा जगावासा वाटे, आणि हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

महिन्याभरापूर्वी फाटक उशिरा पडू लागलं. तिघं आत आली की त्यांच्या पाठोपाठ शत्रूही आत! लेक म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे लॅग आहे वाटतं." म्हणजे आपण बटण दाबायचं आणि खेळातल्या माणसाला ते मागाहून कळायचं. लाइनचा दोष. काका खुर्चीत ताठ बसले. त्यांच्या घरात, लाइनचा दोष!

तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला फोन सुरू झाले.

"राउटर बंद करून चालू केलात?"

"केला. तीनदा केला. मागची पिन काढून पुसलीसुद्धा."

"आणि खिडकीजवळ ठेवून पाहिलात?"

"पाहिला. आता कपाटावर आहे. आई म्हणते, देव्हाऱ्यापेक्षा उंच बसवलाय."

लेक खळखळून हसे. मग बोलता बोलता तिच्या ऑफिसचं निघे, घरमालकिणीचं निघे. अर्धा तास कसा जाई कळत नसे. लॅग मात्र हटत नव्हता.

मंगळवारी लेकीचा आवाज जरा पडलेला होता. "बाबा, या रविवारी चारऐवजी संध्याकाळी मोठी मॅच आहे. कप्तान म्हणतो, तोवर लॅग गेला नाही तर फाटकावर दुसरा गडी घ्यावा लागेल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"दुसरा गडी?" काका म्हणाले. "अगं, लाइन माझ्या हातात आहे! रविवार कशाला, उद्या मावळतीच्या आत साफ करतो!" त्यांनी फोन ठेवला, खिशावर बोटं आपटली आणि चंग बांधला.

खात्याची पद्धत सरळ होती. आधी सगळं सोडवायचं, मग एकेक जोडत जायचं. जे जोडल्यावर बिघडतं तो दोषी. बुधवारी सकाळी काकांनी घरातलं यच्चयावत यंत्र बंद केलं. फ्रिज, मिक्सर, दारावरची घंटा, काकूंचा मोबाइल, भिंतीवरचं घड्याळ.

"अहो, घड्याळ सेलवर चालतं!" काकू म्हणाल्या.

"संशयाला जागा नको."

दुपारपर्यंत दूध नासलं, पाहुणी म्हणून आलेली काकूंची बहीण दारावरची घंटा दाबदाबून परत गेली आणि रुसली, आणि लॅग होता तिथेच होता. काकांनी वहीत लिहिलं: घर निर्दोष. दोष बाहेर. संध्याकाळी सूर्य मावळला. काकांनी खिडकीचा पडदा लावून घेतला.

गुरुवारी ते जिन्यात गेले. पहिल्या मजल्याच्या वळणावर एक लोखंडी पेटी होती, तीत सगळ्या बिऱ्हाडांच्या केबली येऊन एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. एकीवरही चिठ्ठी नाही! चौतीस वर्षांच्या नोकरीचा हा उघडउघड अपमान होता. काकांनी स्टूल मांडलं आणि पद्धतीप्रमाणे आधी सगळ्या सोडवल्या.

पहिली आरोळी तिसऱ्या मजल्यावरून आली. तिथले वकीलसाहेब घरून ऑनलाइन सुनावणीत उभे होते. ते वरून काळा कोट आणि खालून घरची चड्डी अशा वेशात जिन्यापर्यंत धावले. "अहो, माझा अशील एकटाच राहिला तिथे!" दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, गणिताच्या मधोमध सगळा वर्ग नाहीसा झाला. कोणी म्हणालं इंटरनेट कंपनीचीच बोंब असणार. कंपनीला सात फोन गेले. काका स्टुलावर उभं राहून सगळ्यांना सांगत होते, "शांत राहा! तपास चालू आहे!" आणि लोकांना वाटलं, चला, निदान काका तरी मदतीला धावले. वकीलसाहेबांनी तर जाताना त्यांचे आभार मानले. काकांना तेव्हा खरं सांगायला हवं होतं. त्यांनी नुसती मान डोलावली.

तासाभरात कंपनीचं माणूस आलं. चाळिशीच्या, पाठीवर पिशवी, कमरेला पक्कड लावलेल्या बाई. त्यांनी पेटी पाहिली, काका पाहिले, खिशातला टेस्टर पाहिला आणि काही विचारलं नाही. पंधरा मिनिटांत सगळं जोडून, प्रत्येक केबलीवर चिठ्ठी लावून त्या काकांच्या घरी आल्या.

"आता सांगा, काय त्रास आहे?"

"लॅग."

बाईंनी खेळ उघडायला लावला. पडद्याच्या कोपऱ्यात काकांच्या नावाखाली छोटासा हिरवा आकडा होता. बारा.

"लाइन उत्तम आहे, काका. बारा आहे."

"तो माझा नंबर आहे," काका म्हणाले. "खेळाडू क्रमांक. मधूनमधून तेरा होतो, बढती वगैरे असेल."

"तुमचा नाही, लाइनचा. इतके मिलिसेकंद लागतात जायला यायला. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. निघताना ऑफिसात साऱ्या इमारतीची महिन्याभराची नोंद पाहूनच आले मी. तुमची लाइन एक दिवसही बिघडलेली नाही."

"मग फाटक उशिरा का पडतं?"

बाईंनी पाठीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "एक करू. मी टाळी वाजवली की बटण दाबायचं."

टाळी वाजली. काकांनी दाबलं. "झालं! बघा, लगेच!"

"काका, मी टाळी वाजवली, हात खाली घेतले, मग तुम्ही दाबलंत."

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. पाचव्या टाळीला काकूही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तशाच आत गेल्या. काका आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. याच हाताने त्यांनी भर वाऱ्यात खांबावर चढून तारा जोडल्या होत्या. बाई निघताना दारात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझे वडील पण असेच. वय झालं की थोडं होतं."

शुक्रवारी साडेआठला काकांनी फोन केला नाही. शनिवारी लेकीचा आला, तो काकूंनी घेतला. काका वहीसमोर बसून होते. कारणाच्या रकान्यात 'मी' असं एक अक्षर लिहायचं होतं, आणि पेन काही पुढे सरकत नव्हतं. हे लेकीला सांगायचं कसं? हात म्हातारा झाला म्हटलं की ती हळहळणार, जपून बोलणार, आणि मग पुन्हा 'जेवलीस?', 'हो', 'बरं'. त्यापेक्षा लाइन खराब आहे म्हणून बाजूला व्हावं. पण लाइन तर ठणठणीत! आणि चौतीस वर्षांत काकांनी खोटा रिपोर्ट कधी दिला नव्हता.

रविवारी दुपारी त्यांना मार्ग सापडला. रिपोर्ट खोटा नको असेल तर लाइन खरोखर खराब करायची! काकूंचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्यांनी गुपचूप रिकामा केला, राउटर त्यात निजवला आणि वायरीपुरती फट ठेवून झाकण दाबलं. पडद्यावरचा बारा गेला. साठ झाला, दोनशे झाला, तीनशे चाळीसवर लाल होऊन थांबला. काकांना इतकं वाईट काम इतकं चोख केल्याचं समाधान वाटलं. मग मॅचची वेळ होत आली तसा त्यांनी हेडफोन लावला.

"बाबा! दोन दिवस फोन ना..." आवाज तुटत होता.

"ऐक. लाइन खराब आहे. सगळं करून पाहिलं. मला..." काकांनी खिशातला टेस्टर चाचपला. "मला दोष काढता आला नाही. फाटकावर दुसरा गडी घ्या."

तिकडून आधी नुसती खरखर. मग तुकडे आले. "तुमचा आक... तीनशे चाळी... आत्ता तर बारा हो..."

"तुला कसं माहीत?"

"...चौघांचे दिसतात, बा... पहिल्या दिवसापासू..."

काका गार पडले. म्हणजे हिला माहीत होतं! महिनाभर बारा आकडा बघत ती रोज सकाळी विचारत होती, राउटर बंद करून चालू केलात?

"मग बोलली का नाहीस?"

ती काहीतरी बोलली. बरंच बोलली. पण ऐकू आलं ते फक्त "कारण तुम्ही रोज..." आणि मग खरखर. काका दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबू लागले. "काय? काय म्हणालीस? थांब, थांब!" त्यांनी डब्यावर झडप घातली. झाकण घट्ट बसलं होतं. घाईत बोटं घसरली, शेवटी टेस्टर काढून त्याच्या टोकाने ते उचकटलं. "आता बोल! परत बोल!"

आवाज समोर बसल्यासारखा स्वच्छ आला. "म्हटलं, तुम्ही रोज अर्धा तास माझ्याशी बोलायला लागलात, बाबा. लॅग नाही म्हटलं असतं तर तुम्ही फोन आईला दिला असता."

काकांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी टेस्टरच्याच हाताने पुसले.

"मॅचचं काय?" त्यांनी विचारलं.

"कप्तानाचा भाऊ बसणार आहे फाटकावर. खरं सांगू? तो तुमच्याइतकं ओरडत नाही, मजा नाही येणार. उद्या साडेआठला फोन करा. लॅग बघायचाय ना?"

"अगं, पण लॅग तर..."

"आहे बाबा, अजून आहे. तक्रार मिटवू नका."

काकांनी हेडफोन काढला आणि वही उघडली. तक्रार: लॅग. कारण: तपास चालू. उपाय: रोज साडेआठला. मिटल्याची वेळ हा रकाना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोरा सोडला. बाहेर सूर्य मावळत होता. या वेळी त्यांनी पडदा लावला नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंची हाक आली. "अहो, माझा डबा कुठे आहे? आणि बिस्किटं?"

बिस्किटं हत्यारांच्या पिशवीत होती, कथलाच्या तारेवर आणि ग्रीसच्या डबीशेजारी. काकूंनी एकाचा वास घेतला, काकांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पुढच्याच ओळीत स्वतःच्या अक्षरात नवी तक्रार लिहिली. कारणाच्या रकान्यात फक्त 'हे' एवढंच लिहिलं. टेस्टरकाकांनी मुकाट्याने वाचलं, खाली सही केली, आणि ही तक्रार मात्र अंधार पडायच्या आत मिटवली. सगळीच्या सगळी बिस्किटं स्वतः खाऊन!